डावीकडचा स्पीकर

माझ्या भावाला लढाईत दर वेळी डावीकडूनच मारायचे.

लढाई म्हणजे टीव्हीवरच्या खेळातली. तेओफिल न्गोम, पन्नाशीला टेकलेला, मत्स्यखात्यात कारकून, म्बूर गावच्या चर्चमधल्या गायनमंडळाचा प्रमुख, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी ते दोन शिंगांचं खेळणं हातात धरून सैनिक होणारा माणूस. कन्सोल त्याच्या मेहुण्याने इटलीहून आणला होता, तोही मुलांसाठी. मुलांनी एकदाच हात लावला. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की परीक्षा जवळ आली आहे. परीक्षा आमच्या घरी बारा महिने जवळच असते.

मी दिबोर, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर याच घरात परत आले. पोरांची आत्या म्हणून सगळी गल्लीच मला आत्या म्हणते, आणि या घरात आत्याचा शब्द शेवटचा असतो, निदान मी तरी असं समजते. माझी भावजय फिलोमेन स्वभावाने गरीब आहे. नवरा टीव्हीपुढे बसून "मेलो, पुन्हा मेलो" म्हणून ओरडायला लागला की ती स्वयंपाकघरातून विचारते, "भात वाढू का?" यापलीकडे तिची तक्रार नाही.

तर डावीकडून. उजवीकडून शत्रू आला की तेओफिल झटकन वळायचा आणि त्याला आडवा करायचा. डावीकडून आला की हा तसाच पुढे चालत राहायचा, बाजारात निघाल्यासारखा, आणि ठो. या खेळात म्हणे शत्रूची पावलं वाजतात. ती याला वाजत नव्हती. मग याने ठरवलं, टीव्हीचा आवाज वाईट आहे. हेडफोन आणले. एक दिवस वापरून म्हणाला, डावी बाजू मेलेली आहे, आणि परत केले. दुसरे आणले. त्यांचीही डावी बाजू मेलेली. तिसऱ्यांचीही तीच गत, तेव्हा म्हणाला, हल्लीच्या मालात काही राम नाही.

त्याच सुमारास त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती म्हणे टीव्हीची, जुना झालाय म्हणून वाजते. टीव्ही बंद असतानाही वाजायची, पण त्याचा विचार कोणी करायचा? एकदा मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "तेओफिल, तू बैल आहेस." तो कागद वाचत होता, वाचतच राहिला. मग उजवीकडून जाऊन तेच म्हणाले, तर मान वर करून म्हणाला, "सकाळी सकाळी काय झालं तुला?"

कान गेला तर माझ्या भावाचं काय उरतं ते मला ठाऊक होतं. मत्स्यखात्यात त्याला शिपाईही ओळखत नाही. पण रविवारी चर्चमध्ये त्याने हात वर केला की चाळीस माणसं एकदम श्वास घेतात. तेवढंच त्याचं आहे. मी स्पष्ट म्हणाले, "टीव्हीला काही झालेलं नाही, तुझा कान चाललाय. डॉक्टरकडे चल. वेळेवर गेलास तर औषध असेल."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "चाळीस जणांत एकाचा सूर केसभर उतरला तरी मला कळतं. तुला तो खेळ बंद पाडायचाय, म्हणून तू माझा कान काढलास."

आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले त्याच आठवड्यात याने दारू सोडली, साखर सोडली, आणि घरात होम थिएटर आणायचं ठरवलं.

म्बूरमध्ये ते आणायचं तर प्रोस्पेर सांबूकडूनच. बाजाराच्या मागे त्याचं दुकान आहे. युरोपातून कंटेनरने येणारा वापरलेला माल तो विकतो, जोडून देतो, आणि बिघडला की तोच शिव्या देत दुरुस्त करतो. प्रोस्पेर जोला जमातीचा आहे आणि आम्ही सेरेर. दोन बहिणी एका होडीतून निघाल्या, होडी मधोमध दुभंगली, एक बहीण उत्तरेला लागली तिचे आम्ही झालो, दुसरी दक्षिणेला लागली तिचे प्रोस्पेरसारखे झाले. तेव्हापासून आमच्यात थट्टेचं नातं आहे. आम्ही त्यांना गुलाम म्हणतो, ते आम्हाला गुलाम म्हणतात. खादाड, चोर, बिनडोक, काहीही म्हणायची मुभा आहे. रागवायची मात्र सोय नाही, कारण जो रागावला तो हरला. मयताच्या घरीसुद्धा हे लोक येऊन "मेल्याने जाताना माझा भात नेला" म्हणून गळा काढतात, आणि रडून रडून थकलेली बाई हसते. प्रोस्पेर गायनमंडळात मागच्या रांगेत खर्जात गातो. तीस वर्षांत त्याने तेओफिलला एकदाही सरळ हाक मारलेली मी ऐकली नाही.

"आला, माझा गुलाम आला," तो दुकानाच्या दारातूनच म्हणाला. "सोबत त्याची बहीणही आहे. जोडीने विकायला काढू का?"

"तुला कोण विकत घेणार, भाताच्या पोत्या?" मी म्हणाले. "तुला खायला घालता घालता धनीच भिकेला लागेल."

"सेरेर बाईच्या हातचं खाण्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं, आत्या. बसा. काय हवंय तुमच्या या दिवट्याला?"

तेओफिलने सांगितलं. खेळात मागून, डावीकडून, उजवीकडून, कुठूनही पाऊल आलं तरी कळलं पाहिजे. प्रोस्पेरने त्याला टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एक लांब काठी दाखवली. आवाज छान होता. पण स्वतःच म्हणाला, "ही तुझ्या कामाची नाही. ही सगळा आवाज पुढूनच देते. मागचा माणूस तुला मारून घरी जाऊन जेवेल तरी कळायचं नाही. तुला पाच स्पीकर पाहिजेत. दोन पुढे, एक मधे, दोन पाठीमागे, आणि ढोलासारखा आवाज काढणारा हा मोठा डबा. हे सगळं या अ‍ॅम्पला जोडायचं."

मग त्याने एक संच मांडला आणि तेओफिलला मधे खुर्चीत बसवलं. कोणीतरी बूट घालून खोलीभर फिरतंय, असा आवाज लावला. पावलं उजवीकडून पुढे गेली, पुढून डावीकडे गेली, मागे गेली. मला दाराशी उभी असूनही माणूस फिरल्यासारखं वाटलं. तेओफिल डोळे मिटून बसला होता.

"डावीकडचा स्पीकर मेलाय," तो म्हणाला.

प्रोस्पेरने डावीकडचा काढून उजवीकडे ठेवला आणि उजवीकडचा डावीकडे लावला. पावलं पुन्हा फिरली.

"आता हा मेला," तेओफिल डावीकडे बोट दाखवत म्हणाला.

प्रोस्पेर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ए गुलामा, स्पीकर दोन्ही जिवंत आहेत. तुझा डावा कान मेलाय. आत शेंगदाणे भरलेत सेरेरांच्या शेतातले. डॉक्टरकडे जा आणि उपसून घे."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारही हसली. तेओफिल सगळ्यांत मोठ्याने हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जोलाने वायरीला हात लावला की धडधाकट स्पीकरही मरतो," तो म्हणाला. "तुझ्या आजोबांनी होडी फोडली ती अशीच." प्रोस्पेरही हसला. पण स्पीकर उचलताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं थट्टेचं नव्हतं.

शेवटी तेओफिलने त्यातल्या त्यात मोठा, काळा, दणकट संच निवडला. का, तर त्याचा डावीकडचा स्पीकर त्याला जरा जिवंत वाटला. ढोलाच्या डब्यात तर एखादं कोकरू सहज निजलं असतं.

घरी जोडताना आणखी तमाशा. प्रोस्पेरने जाता जाता बजावलं होतं, "कन्सोलची वायर अ‍ॅम्पमध्ये घाल आणि अ‍ॅम्पमधून टीव्हीत ने. आधी टीव्हीत घालू नकोस." जोलाने सांगितलं म्हणजे त्याच्या उलट करायचं, हा सेरेरांचा जुना बाणा. याने कन्सोल टीव्हीत खुपसला आणि टीव्हीतून अ‍ॅम्पला वायर ओढली. मागचे दोन स्पीकर मुके झाले. पुढचे बोलायचे, पण उशिरा. टीव्हीवर गोळी लागून माणूस आडवा व्हायचा, आणि तो पडून झाल्यावर ठो. फिलोमेनने हात पुसत विचारलं, "आधी मरतो आणि मग गोळी लागते का हो?" तेओफिलने तिला सांगितलं की बायकांना यातलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोस्पेर आला, टेबलाखाली शिरला, आणि तिथूनच आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वायरी बदलल्या. पाचही स्पीकर बोलायला लागले. मागचा डावीकडचा कपाटावर गेला, फिलोमेनच्या लग्नातल्या फोटोशेजारी. येशूच्या तसबिरीमागून वायर गेली. पोरं जमिनीवर बसून माना फिरवत होती आणि खूश होती. एकटा तेओफिल म्हणाला, "डावीकडे अजून काही नाही."

प्रोस्पेर टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "गुलामा, कान."

"पुन्हा तेच. दुसरा विनोद शिक, ताडीबुडव्या," तेओफिल म्हणाला, आणि रिमोट हातात घेऊन डावीकडच्या दोन्ही स्पीकरांचा आवाज जाईल तेवढा वर नेला.

त्या दिवसापासून आमच्या घराची डावी बाजू युद्धात आणि उजवी बाजू शांततेत राहायला लागली. डाव्या भिंतीपलीकडे हाजी तिजान राहतात, त्यांच्या गच्चीवर मेंढ्या आहेत. मेंढ्या खाणं सोडून गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहायच्या. हाजींनी निरोप पाठवला: "न्गोमांकडे काही शुभकार्य असावं. देव बरकत देवो." बस, एवढंच. शेजाऱ्याची लाज झाकावी, उणं काढू नये, याला आमच्याकडे सुतुरा म्हणतात, आणि त्याचा मोठा अभिमान असतो सगळ्यांना. मला सुतुरेचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

खरी सुतुरा तर गायनमंडळात चालली होती. ईस्टरच्या तालमी सुरू होत्या. वरच्या सुरातल्या बाया तेओफिलच्या डाव्या हाताला उभ्या राहतात, आणि तिथेच क्लोतिल्दबाईंचा कीबोर्ड असतो. क्लोतिल्दबाई शाळेत शिकवतात, बोलणं तुपासारखं. तेओफिल बायांना म्हणायचा, "झोपलात का? आवाज कुठाय?" बाया बिचाऱ्या बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. त्यांच्या शिरा ताणल्या की तो म्हणायचा, "हां, आता जरा ऐकू येतंय." उजवीकडच्या पुरुषांना म्हणायचा, "तुम्ही जरा दमाने." त्या मंडळाचं गाणं एका अंगाला कललेल्या हातगाडीसारखं चाललं होतं. फादर एकदा तालमीला येऊन बसले. उठताना म्हणाले, "भगिनींचा भक्तिभाव फार वाढलाय यंदा."

आणि क्लोतिल्दबाईंनी युक्ती काढली होती. कीबोर्ड सुरू केला की त्या ठसक्यात मान हलवायच्या, आणि तेओफिल ते पाहून हात वर करायचा. त्याला वाटायचं, आपण ऐकतोय. अशी चाळीस माणसं एका माणसाला कळू नये म्हणून राबत होती. मी क्लोतिल्दबाईंना गाठलं. म्हटलं, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकेल. सांगा त्याला."

"आत्या, असं तोंडावर कसं सांगायचं?" त्या म्हणाल्या. "त्यांना किती वाईट वाटेल."

"आणि कान गेल्यावर बरं वाटेल?"

"देव सगळं पाहतो," त्या म्हणाल्या.

देव पाहत होता हो, पण कानाचा डॉक्टर राजधानीत, डाकारला होता, आणि एकेक दिवस चालला होता. मग मी प्रोस्पेरच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं, "तू एकटाच त्याला खरं सांगतोस, आणि तू सांगतोस म्हणून तो हसतो. आता थट्टा सोड. नीट सांग."

"सेरेरशी नीट बोलायचं?" तो म्हणाला. "माझे पूर्वज थडग्यातून उठतील, आत्या."

"उठू देत. त्यांना मी बघते."

तो बराच वेळ एक स्क्रू बोटात फिरवत राहिला. "मला येत नाही तसं बोलायला," तो म्हणाला. पण शेवटी बरं म्हणाला.

पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला तो आमच्याकडे आला. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोक्यावरची टोपी हातात. तेओफिल लढाईत होता, डावी बाजू गडगडत होती. प्रोस्पेर दाराशी थांबला, बूट काढले, आणि म्हणाला, "न्गोमसाहेब, नमस्कार. घरी सगळे बरे आहेत ना? आपली प्रकृती कशी आहे?"

तेओफिलने खेळ बंद केला. खोली इतकी शांत झाली की मेंढ्याही ऐकू आल्या. फिलोमेन स्वयंपाकघरातून धावत आली आणि छातीवर क्रूसाची खूण करून दाराला धरून उभी राहिली.

"कोण गेलं?" तेओफिलने विचारलं.

"कोणी नाही, साहेब. मी आपल्याशी दोन शब्द बोलायला आलोय." प्रोस्पेरच्या कपाळावर घाम आला होता. "आपण मला भावासारखे. आपल्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. ही थट्टा नाही. स्पीकर मी दोनदा तपासले, त्यांच्यात दोष नाही. आपण कृपा करून माझ्याबरोबर डाकारला चला. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत."

मी भावाच्या तोंडाकडे पाहत होते. आधी ते पांढरं पडलं. मला वाटलं, कळलं एकदाचं. मग ते लाल व्हायला लागलं.

"आपण?" तेओफिल म्हणाला. "कृपा करून? तीस वर्षांत तू मला कधी साहेब म्हणाला नाहीस. माझा बाप गेला तेव्हा त्याच्या शवपेटीपुढे तू मला चोर म्हणालास. आज माझ्याच घरात मला मान देतोस? मी तुझं काय वाकडं केलं?"

"काही नाही, साहेब, मी फक्त..."

"मला कळतं. गोड बोलणारा माणूस काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो. तुला गायनमंडळ पाहिजे. प्रमुख बहिरा म्हणून गावभर करायचं, आणि ईस्टरला माझ्या जागी उभं राहायचं. ऊठ."

प्रोस्पेर उभाच होता. तो माझ्याकडे बघायला लागला. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अरे बैला, मी पाठवलं त्याला." तेओफिल म्हणाला, "म्हणजे घरातही कट शिजलाय." प्रोस्पेरने बूट घातले. एरवी हा माणूस आमच्या उंबऱ्यावरून जाताना निदान चार शिव्या देऊन जातो. त्या दिवशी नुसतं "येतो" म्हणाला आणि गेला. त्याचं मला जास्त लागलं.

गुड फ्रायडेला आम्ही न्गालाख केलं, बाजरी, शेंगदाण्याचं वाटण, गोरखचिंचेचा गर, पहाटेपासून ढवळून ढवळून माझे खांदे भरून आले. हाजींकडे बादली गेली, सगळ्या मुसलमान शेजाऱ्यांकडे गेली. प्रोस्पेरकडे दर वर्षी जाते, ती तेओफिलने अडवली. मी त्याच्या डाव्या बाजूने बादली घेऊन निघाले आणि देऊन आले. त्याला पत्ताही लागला नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरून वाहत होतं. सगळ्यांचे नवे कपडे, नव्या चपला चावत असलेल्या. गायनमंडळ पुढे उभं राहिलं, तेओफिल त्यांच्यासमोर, पाठ लोकांकडे. मी दुसऱ्या बाकावर होते. आणि माझं लक्ष क्लोतिल्दबाईंकडे गेलं. त्यांनी सणाची नवी टोपी घातली होती. कडा परातीएवढी, वर पिवळी फुलं. त्या टोपीखाली त्यांचं नाकही दिसत नव्हतं, मान हलवलेली काय दिसणार?

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सुरुवातीचे सूर झाले, गाणं उचलायची जागा आली. तेओफिल हात अर्धे वर करून उभा. मंडळाने श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला. क्लोतिल्दबाईंनी टोपी हलवली, फुलं हलली, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. तेओफिल उभाच. तिसऱ्यांदा वाजवलं. फादर वेदीवरून खोकले. मग तेओफिल डावीकडे वळला, आणि त्या भरलेल्या चर्चमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "क्लोतिल्दबाई, वाजवा आता. किती वेळ उभं राहायचं?"

क्लोतिल्दबाईंची बोटं पट्ट्यांवर होती. सूर चालूच होते.

कोणी हललं नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रोस्पेरचा खर्ज आला.

"ए गुलामा, वाजतंय ते. तीनदा वाजवून झालं. तुझा डावा कान मेलाय, शेंगदाण्याच्या टरफला. दुकानात सांगितलं, घरी सांगितलं, आता देवाच्या घरी सांगतोय. सेरेरला कळायला आणखी कुठे जाऊ?"

सगळं चर्च हसलं. अगदी मोकळं हसलं, सुटल्यासारखं. बाया हसल्या, फादर तोंडावर हात धरून हसले. आणि तेओफिलही हसला. उत्तर त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं, जोलाचं आणि होडीचं काहीतरी. मला वाटलं, गेलं. हसण्यावारी गेलं, पुन्हा.

पण तो मागच्या रांगेकडे बघत होता, आणि प्रोस्पेर हसत नव्हता. एवढा आडदांड माणूस, पुस्तक छातीशी धरून उभा होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. जोलाने शिवी दिली आणि तो रडतोय, असं माझ्या भावाने जन्मात पाहिलं नव्हतं. मीही नाही.

तेओफिलचं हसणं हळूहळू थांबलं. लोक अजून हसत होते. त्याने उजवा हात वर नेला आणि एक बोट उजव्या कानात घातलं.

तसाच उभा राहिला तो. त्याच्यासमोर चाळीस तोंडं हलत होती, क्लोतिल्दबाईंची बोटं पट्ट्यांवर पळत होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. लहानपणी समुद्रावर हरवला होता आणि मला किनाऱ्यावर सापडला, तेव्हाही त्याचा चेहरा इतका घाबरलेला नव्हता. उठून त्याला पोटाशी धरावं असं वाटलं मला.

त्याने बोट काढलं. हसणं विरलं होतं.

"कोणाकोणाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

चाळीस माणसांना एकदम आपापल्या गाण्याच्या पुस्तकातलं पान सापडेनासं झालं. क्लोतिल्दबाईंनी टोपी सारखी केली. फादर मेणबत्तीकडे बघू लागले.

"मी सांगितलं होतं," प्रोस्पेर म्हणाला.

"तू सांगितलंस," तेओफिल म्हणाला, "म्हणून तर मी हसलो."

मग तो चालत कीबोर्डच्या पलीकडे गेला, उजवा कान तिकडे येईल असा उभा राहिला, आणि क्लोतिल्दबाईंना म्हणाला, "पहिल्यापासून घ्या." मंडळ गायलं. बाया सवयीने ओरडायला लागल्या, त्यांना त्याने हातानेच खाली आणलं. कसं गायलं ते मला विचारू नका, मला काही ऐकू येत नव्हतं, मी रडत होते.

मंगळवारी प्रोस्पेर धरून आम्ही तिघं डाकारला गेलो. डॉक्टर वयाने लहान होता, स्वच्छ कपड्यांचा. त्याने कानात पाहिलं, यंत्रं लावली, शिट्टी कधी सुरू झाली ते विचारलं. मग हात धुतले आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

"न्गोमसाहेब," तो फार हळू, फार अदबीने म्हणाला, "आपण जरा निवांत बसून घ्या. आपल्यासारख्या माणसाला हे सांगायचं म्हणजे..."

तेओफिलचा हात प्रोस्पेरच्या मनगटावर गेला. "साहेब म्हणतोय," तो पुटपुटला.

डॉक्टरने सगळं सांगितलं. शिट्टी सुरू झाली त्या पहिल्या दिवसांत आला असतात तर औषध होतं. आता डाव्या कानाचं काही होणार नाही. उजवा जपायचा, मोठ्या आवाजाजवळ बसायचं नाही. तो आपण, आपला, कृपया, असं म्हणत राहिला, आणि प्रत्येक शब्दाला माझा भाऊ खुर्चीत लहान होत गेला.

डॉक्टर बोलायचा थांबला. तेओफिलने उजवा कान प्रोस्पेरकडे वळवला.

"काहीतरी बोल रे," तो म्हणाला. "दे एखादी."

प्रोस्पेरने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. तेओफिल कान लावून बसला होता. तीस वर्षं ज्याचं तोंड बंद झालं नव्हतं, त्या माणसाला एकही शिवी सुचली नाही.